नाशिकला राहून गोव्यातल्या सर्फिंगच्या लाटांचा अंदाज आधीच कसा बांधायचा?

रात्रभर बसने गोवा गाठायचा आणि सकाळी समुद्र सपाट निघायचा, हे टाळता येतं का, असं तुम्ही विचारलंय. बऱ्याच अंशी टाळता येतं. मी पुण्यात राहतो आणि सर्फिंगला गोव्यात नाहीतर मंगळूरजवळच्या मुलकीला जातो. माझं ठाम मत आहे की नुसती लाटांची उंची बघून तिकीट काढूच नये. आधी पिरियड बघा.

पिरियड म्हणजे एका लाटेमागून दुसरी यायला लागणारे सेकंद. लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज देणारं सर्फलाइन किंवा विंडी ॲप उघडा, उंचीच्या शेजारी हा आकडा असतोच, आणि नवखी माणसं नेमकी तोच सोडून देतात. एक मीटर आणि ६ सेकंद म्हणजे जवळच्याच वाऱ्याने खवळवलेलं पाणी. तीच एक मीटर, पण १५ सेकंद, म्हणजे लाट फार लांबून आलेली आहे. उथळ पाण्यात शिरताना ती उंचावते, रांगेत येते आणि बोर्डवर उभं राहायला पुरेसा वेळ देते.

ती येते कुठून? पावसाळा सोडला तर आपल्याकडचा लांब पिरियडचा स्वेल, म्हणजे दूरच्या वादळातून निघालेल्या लाटांची रांग, बहुतेकदा दक्षिण महासागरातून, ४० ते ६० अंश दक्षिण अक्षांशांमधल्या वादळांतून निघतो. खोल पाण्यात त्याचा वेग पिरियडवर ठरतो. सेकंदांना २.८ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात. १६ सेकंदांचा स्वेल दिवसाला हजारेक किलोमीटर कापतो, आणि त्या वादळांच्या पट्ट्यापासून गोवा साधारण साडेसहा हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे सहा दिवस. वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत केंद्रं लावून अशाच लाटांचा माग काढला होता. दहा हजार किलोमीटर कापूनही त्या ओळखता येत होत्या. त्यामुळे स्वेलच्या बाबतीत नाशिककराचं काहीच अडत नाही. शनिवारी पोचणारा स्वेल किनाऱ्यावर राहणाऱ्यालाही सोमवारी दिसत नसतोच.

शनिवारचा बेत असेल तर रविवार-सोमवारी विंडीवर आफ्रिकेच्या दक्षिणेकडे बघा. तिथून पूर्वेला सरकणाऱ्या वादळातला वारा उत्तरेकडे, आपल्याकडे तोंड करून वाहतोय का? सगळा जोर पूर्वेकडे असेल तर त्या लाटा ऑस्ट्रेलियाला जातील. आणखी एक खूण: लांब पिरियडच्या लाटा वेगवान असतात, त्या आधी पोचतात. अंदाजात पिरियड एकदम १८ वर गेला आणि उंची जेमतेमच राहिली, तर स्वेल नुकताच लागतोय असं समजा. खरी मजा दुसऱ्या दिवशी.

भरती-ओहोटीसाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथीच्या पाऊणपट, हा कोकणातला जुना हिशोब: चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. गोव्यात ती थोडी आधी येते. उधाणाच्या दिवसांत मुंबईकडे पाणी पाचेक मीटर चढतं-उतरतं, गोव्यात दोनेक मीटरच, त्यामुळे तिथे लाट मोडण्याची जागा तितकी हलत नाही. शिवाय मुंबईसमोर उथळ तळ दोनशे किलोमीटरपेक्षाही लांब पसरलेला आहे. लांब स्वेलची बरीच ताकद त्याला घासून जाते, म्हणून मी दक्षिणेकडेच जातो.

वाऱ्याचा अंदाज मात्र आठवडाभर आधी धरून बसू नका, तो शुक्रवारी बघा. ऑक्टोबर ते मे या काळात पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि लाटेची भिंत गुळगुळीत ठेवतो. दुपारकडे खारा वारा सुटला की सगळं विस्कटतं. म्हणून बस अशी निवडा की उजाडताना पाण्यात असाल. दहा वाजता पोचलात तर चांगला स्वेलही हातचा जाईल. डिसेंबर-जानेवारीत अरबस्तानाकडच्या वायव्य वाऱ्यांमुळे ६ ते ८ सेकंदांच्या आखूड लाटा येतात. शिकायला त्या बऱ्या, पण त्यांच्यासाठी एवढा प्रवास मी करणार नाही. जून ते सप्टेंबर समुद्र मोठा आणि वारा किनाऱ्यावर चालून येणारा. नवख्याने त्या दिवसांत पाण्यात उतरू नये.

निघण्याआधी हैदराबादच्या इन्कॉइसचा अंदाज जरूर वाचा. ही सरकारी संस्था किनाऱ्यागणिक लाटांचा अंदाज आणि मोठ्या स्वेलचे इशारे देते. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असतानाही असा स्वेल किनाऱ्यावर चढतो. इशारा असेल तर तिकीट रद्द करा, पैसे गेले तरी चालतील.

आणि शुक्रवारी संध्याकाळी तिथल्या सर्फ स्कूलला फोन करून वाळूचा दांडा सध्या कुठे आहे ते विचारा. मुलकीला शांभवी आणि नंदिनी या नद्या समुद्राला मिळतात. पावसाळ्यानंतर त्या मुखाशी वाळू कुठे साचली, हे कुठल्याच ॲपमध्ये दिसत नाही, आणि लाट मोडते ती त्या वाळूवरच.