विश्वास उसना असेल तर?

प्रश्न : माझे वय १९ वर्षे आहे. माझा जन्म ख्रिस्ती कुटुंबात झाला असला, तरी उपासनेला जाणे हा माझ्या लेखी केवळ घरचा शिरस्ता होता. दीड वर्षापूर्वी मी मंडळीतल्या (चर्चमधल्या) तरुणांच्या एका लहान गटात जाऊ लागलो. तिथे प्रथमच पवित्र शास्त्र मन लावून वाचले, चारचौघांत प्रार्थना केली, मनातल्या शंकाही बोलून दाखवल्या. मध्यंतरी परीक्षेमुळे महिनाभर गटात जाता आले नाही, तेव्हा मात्र एकट्याने प्रार्थनेला बसलो की दोन वाक्यांपलीकडे शब्दच सुचेनात. माझा विश्वास खरा आहे, की इतरांकडून उसना घेतलेला? आणि हे गटात सांगावे का?

उत्तर : तुझ्या वयाकडे पाहून एकेरी लिहिते, राग मानू नकोस.

‘उसना’ हा शब्द तू अपराधी मनाने वापरला आहेस. मला तो तितका वाईट वाटत नाही. मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती आठव. चौघांनी त्याला उचलून आणले, गर्दीतून वाट मिळेना म्हणून छप्पर उघडले आणि बाजेसकट त्याला खाली सोडले. येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असे मार्क लिहितो. त्या ‘त्यांचा’मध्ये बाजेवरचा माणूस धरायचा की नाही, यावर वाद घालता येईल, वाहून आणणारे चौघे त्यात आहेत, याबद्दल मात्र दुमत होण्याचे कारण नाही. बरा झाल्यावर तीच बाज उचलून तो सर्वांदेखत स्वतःच्या पायांनी बाहेर पडला. म्हणजे उचलून आणला गेला म्हणून त्याचे चालणे खोटे ठरले नाही.

येशूचा शिष्य थोमा याचेही तसेच. येशूच्या पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी तो इतर शिष्यांबरोबर नव्हता आणि खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असे त्याने साफ सांगितले. आठ दिवसांनी मात्र तो त्यांच्याबरोबर त्या घरात होता. मधल्या दिवसांत काय बोलणे झाले, ते ही हकीकत लिहिणारा योहान सांगत नाही. पण इतरांनी त्याला बाहेर काढले नाही आणि तोही उठून गेला नाही. मला त्या आठ दिवसांचे फार अप्रूप वाटते.

आता तुझ्या गटाविषयी. गाणी छान होतात, वातावरण भारावलेले असते, एवढ्यावर गटाची पारख करू नकोस. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल येथे मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या अनुयायांनी आपल्या सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी प्रत्येकी आठवड्याला एक पेनी गोळा करायचे ठरवले आणि साधारण बारा जणांमागे एकाला वसुलीचे काम दिले. दारोदार फिरताना त्या माणसांना पेनीबरोबर आणखीही काही कळू लागले : कोण कसा जगतो आहे, कोणाचे पाऊल घसरले आहे. वेस्लींनी ही संधी ओळखली आणि त्यातून एकमेकांच्या आत्मिक प्रकृतीची दर आठवड्याला चौकशी करणारे ‘वर्ग’ उभे राहिले. महिनाभर तू दिसला नाहीस, तेव्हा कोणी तुझी चौकशी केली का? केली असेल, तर गट चांगला आहे. उलट जिथे प्रश्न विचारणे हा गुन्हा ठरतो, विश्वासाने सांगितलेली गोष्ट चघळली जाते किंवा घरच्यांशी संबंध तोडायला सांगितले जाते, तिथून वेळीच बाहेर पडावे.

विशीत असताना माझी प्रार्थना कित्येक महिने बंद पडली होती. मंडळीतल्या एका वयस्कर बाईंच्या ते लक्षात आले असावे. पण ‘प्रार्थना करतेस ना?’ असे त्यांनी एकदाही विचारले नाही. उपासना संपल्यावर त्या माझ्या हातात घडी घातलेली एक चिठ्ठी ठेवत. तिच्यावर कापऱ्या अक्षरात दोन नावे असत आणि ‘या आठवड्यात यांच्यासाठी’ एवढेच लिहिलेले असे. स्वतःसाठी देवाकडे काही मागण्याचा धीर मला नव्हता, पण त्या दोन नावांसाठी बोलणे भाग पडे. माझी प्रार्थना पुन्हा सुरू झाली ती अशी, दुसऱ्यांच्या नावांवर. तूही कोणाची तरी जबाबदारी घे. गटात नव्याने आलेला, कोपऱ्यात बसणारा कोणीतरी असेलच.

एकट्याने बसशील तेव्हा दोन वाक्यांची लाज बाळगू नकोस. लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातल्या जकातदाराची प्रार्थना एका वाक्याची होती आणि नीतिमान ठरून घरी गेला तो तोच. शब्द अगदीच सुचेनात, तर पवित्र शास्त्रातले तेरावे स्तोत्र मोठ्याने वाच. ते अवघ्या सहा ओव्यांचे आहे आणि त्याची सुरुवातच ‘कोठवर?’ या तक्रारीने होते.

गटात सांगावे का? सांगावे, पण एकदम सगळ्यांपुढे नको. ज्याच्या तोंडून दुसऱ्याचे गुपित तू आजवर ऐकलेले नाहीस, असा एक जण निवड आणि पुढच्या भेटीच्या आधी त्याला गाठ.