केमोथेरपीत केस गेले, अंगात त्राण नाही. मनाला कसे सावरावे?

केमोथेरपीत केस गेले, दिवसभर थकवा असतो आणि घरचे ‘केसच तर आहेत, परत येतील’ म्हणतात, त्यामुळे रडायचाही संकोच वाटतो, असे आपण लिहिले आहे. पुण्यातच माझ्यावर स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झाले, त्या आधारे उत्तर देते.

केसांसाठी रडू येते याची लाज मुळीच बाळगू नका. विधवांच्या केशवपनाची प्रथा गेली, तरी तिची धास्ती आपल्या घरांतून पुरती गेलेली नाही. माझे डोके प्रथम उघडे दिसले तेव्हा सासूबाई चकार शब्द न काढता देवघरात गेल्या, करंडा घेऊन आल्या आणि त्यांनी माझ्या कपाळावर चांगले ठसठशीत कुंकू लावले. बोट थरथरत होते. कुंकवाविषयी माझी मते काहीही असोत, त्या क्षणी मला ते हवे होते. ‘परत येतील’ हे खरेच आहे, पण आज जे गेले त्याचे दुःख त्याने भागत नाही, एवढे घरच्यांना एकदा स्पष्ट सांगावे.

केमोची औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर मारा करतात आणि केसांच्या मुळांतील पेशी त्यांतच येतात. सर्वच औषधांनी केस जात नाहीत. ज्यांनी जातात, त्यांत बहुधा पहिल्या डोसानंतर २ ते ३ आठवड्यांत गळती सुरू होते, भुवया आणि पापण्या पुष्कळदा मागाहून विरळ होतात. भुवया जातील हे मला कोणी सांगितले नव्हते आणि आरशातला तो चेहरा मला टकलापेक्षा जड गेला, म्हणून आपल्याला आधीच सांगून ठेवते. उपचार संपल्यावर साधारणपणे १ ते ३ महिन्यांत लव दिसू लागते. नवे केस काही काळ कुरळे किंवा वेगळ्या रंगाचे येऊ शकतात. विग घ्यायचा तर अवश्य घ्या, परंतु एप्रिलच्या उन्हात तो डोक्यावर ठेववत नाही. मऊ सुती स्कार्फ बरा, आणि त्या बाबतीत पुण्यासारखे शहर नाही: दुचाकीवरच्या निम्म्या मुली डोळ्यांखेरीज सगळा चेहरा गुंडाळून फिरत असतात, त्यांत आपल्याकडे कोण वळून पाहणार?

थकव्याचे दुखणे मात्र वेगळे, कारण तो कोणाला दिसत नाही. रात्रभर झोपूनही तो जात नाही, आणि भाजी चिरता चिरता हातातली सुरी खाली ठेवून भिंतीला टेकावे लागते तेव्हा आपण आळशी झालो की काय, असे वाटू लागते. तसे नाही, हा उपचारांचा आणि आजाराचा परिणाम आहे आणि तो डॉक्टरांना तक्रार म्हणूनच सांगायचा असतो. हिमोग्लोबिन किंवा थायरॉइडचा दोष, वेदना, अपुरी झोप, उदासी यांपैकी काही मुळाशी असेल तर त्यावर इलाज होतो. डॉक्टरांची हरकत नसेल तर रोज थोडे चालावे. पडून राहण्यापेक्षा हलक्या हालचालीने थकवा कमी होतो, हे ऐकायला उलटे वाटले तरी अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. कोणत्या दिवशी किती त्राण होते हे वहीत लिहिले की डोसानंतरचे वाईट दिवस ओळखू येतात. त्या दिवशी भेटायला येणाऱ्यांना खुशाल नाही म्हणावे, आणि ‘काही लागले तर सांग’ म्हणणाऱ्यांना सरळ पोळी-भाजीचा डबा सांगावा. थकव्यासोबत ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

कशातच रस वाटत नाही, रोज रडू येते, असे दोन आठवडे चालले तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. जगणेच नकोसे वाटू लागले तर त्याच दिवशी. नैराश्यावरची काही औषधे टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कर्करोगावरील गोळीच्या कामात अडथळा आणतात, म्हणून कोणतीही नवी गोळी सुरू करण्यापूर्वी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारून घ्यावे.