राजेंद्र नगरचं परसदार: स्वतः बांधावं की ठेक्यानं द्यावं?

इंदूरच्या राजेंद्र नगरातून एका काकांचं पत्र आलंय. वय ६१, पीथमपूरच्या कारखान्यात मेंटेनन्समध्ये उभी हयात घालवून गेल्या वर्षी निवृत्त झाले. घरामागे साधारण ९०० चौरस फूट मोकळी जागा आहे, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. तिथे त्यांना ६०० चौरस फूट पेव्हर ब्लॉक, १२ बाय १० ची पत्र्याची शेड, भाजीचे वाफे, बसायला ओटा आणि बागेत दिवे हवेत. जुन्या कंपाउंड वॉलवर तीन फूट बांधकाम चढवायचंय ते वेगळंच. ठेकेदारानं सांगितले ५,२०,०००. काकांचा स्वतःचा हिशेब २,१०,०००. ते लिहितात, "सगळं हातानं केलं तर तीन लाख दहा हजार वाचतात. दिवाळीला मुलगी-जावई नातवंडांना घेऊन पुण्याहून येताहेत, तोवर व्हायला हवं. पैसे सीनियर सिटिझन स्कीममधून काढू, हिच्या सोन्यावर कर्ज घेऊ, की एफडी मोडू?"

काका, काम करा, आणि स्वतःच करा. ज्या माणसानं आयुष्यभर मशीन उघडून दुरुस्त केली, त्यानं घरी बसून ठेकेदाराच्या माणसांना चहा देत राहावं असं मी सांगणार नाही. पण तीन लाख दहा हजार वाचणार नाहीत. दिवाळीपर्यंत सगळं होणार नाही. आणि भिंत या यादीतून आधी काढा.

भिंतीचं का, ते सांगते. आपली माळव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. दरवर्षी जमीन अशी वरखाली होते आणि उथळ पायाची भिंत तिच्याबरोबर हलते. तुम्हीच लिहिलंय की सध्याच्या चार फुटी भिंतीला कोपऱ्यात तिरकी भेग आहे. तिच्या पायावर आणखी तीन फुटांचं ओझं आणि जूनच्या आधीच्या आंधीचा दाब टाकायचा, आणि पलीकडे शेजाऱ्यांची मुलं खेळतात. उंच भिंत खरंच हवी असेल तर जुनी पाडून, इंजिनियरला पाया दाखवून नवी बांधावी लागेल. ते वेगळं काम आहे, वेगळ्या वर्षाचं. यात ठेकेदाराचे १,१०,००० आणि तुमच्या हिशेबातले ३५,००० दोन्ही बाजूला झाले.

आता उरलेल्या तुमच्या १,७५,०००कडे या. तुमचा कागद मी दोनदा वाचला. ब्लॉक, पाइप, पत्रे, सिमेंट, कोटा फर्शी, सगळ्याचे भाव नीट चौकशी करून लिहिलेत. तुम्ही मेंटेनन्सचे आहात हे कळतं. पण कागदावर जमिनीच्या वरचंच सगळं आहे, खालचं काहीच नाही. पेव्हर ब्लॉक थेट काळ्या मातीवर वाळू पसरून बसवले तर पहिल्याच पावसाळ्यात कुठे उचलतात, कुठे बसतात. निदान फूटभर माती काढायची, मुरूम चार-चार इंचांच्या थरांत टाकायचा, प्रत्येक थर पाणी मारून कुटायचा, मग बारीक चुरी आणि शेवटी ब्लॉक. कडेला कर्बही हवाच, नाहीतर ब्लॉक बाहेर सरकत जातात.

६०० चौरस फुटांची फूटभर माती म्हणजे अंदाजे २९ टन. मागे जायला तुमच्याकडे साडेतीन फुटांची गल्ली आहे, जेसीबी शिरणार नाही. पंचवीस किलोची तगारी धरली तर बाहेर काढायलाच साडेअकराशे खेपा, आणि जवळपास तेवढाच भराव परत आत न्यायचा. हे ६१ व्या वर्षी, गुडघ्याचं दुखणं असताना (तेही पत्रात आहे) तुम्ही करायचं नाही. यासाठी मजूर लावा. तुम्ही कळवलेल्या ६०० रुपये हजेरीनं बावीस हजेऱ्या धरा, १३,२०० झाले. मुरूम, गिट्टी आणि माती वाहून नेणाऱ्या ट्रॉल्यांचे २४,००० धरा. काढलेली माती रस्त्याच्या कडेला टाकता येत नाही, नगर निगम दंड लावतो, म्हणून ट्रॉलीचं भाडं हिशेबातून सुटता कामा नये. प्लेट कॉम्पॅक्टरचं (थर कुटायच्या मशीनचं) भाडं, कटरच्या ब्लेड, बूट, गॉगल, मास्क मिळून ९,०००. तुटफूट आणि कापाकापीत जाणारा माल ९,८००. बाहेरच्या दिव्यांसाठी लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), ६,०००. या सगळ्याचे ६२,००० वाढले, म्हणजे तुमचा आकडा २,३७,०००वर गेला.

इथे माझी एक सूचना आहे. पेव्हर ६०० ऐवजी ३५० चौरस फूटच करा. मागच्या दारापासून ओट्यापर्यंत, शेडपर्यंत आणि वाफ्यांच्या मधून चालायची वाट, एवढं पुरे. बाकी जमीन उघडी राहू द्या, पाणी मुरू द्या. दर उन्हाळ्यात बोअरिंग आटतं म्हणून तुम्हीच काळजीत आहात, मग सगळं परसदार ब्लॉकनं झाकून पाणी नालीत कशाला घालवायचं? यानं माल, भराव आणि मजुरी मिळून साधारण २९,००० कमी होतात, आणि खेपाही साडेसहाशे-सातशेवर येतात. खर्च आला २,०८,०००.

आता ठेकेदाराशी खरी तुलना करू. भिंत वगळून त्याचे ४,१०,००० होते. त्याच्या १९० रुपये चौरस फुटाच्या दरानं अडीचशे फूट पेव्हर कमी केले की ३,६२,५००. फरक १,५४,५००चा. तुम्ही धरलेल्या बचतीच्या निम्मा. तरीही दीड लाख म्हणजे तुमच्या घराचा जवळजवळ पाच महिन्यांचा खर्च आहे, आणि वेळ तुमच्याकडे आहे. म्हणूनच स्वतः करा म्हणते.

पैशांचं चित्र तुमच्याच आकड्यांवरून मांडते. सीनियर सिटिझन स्कीममध्ये १५ लाख, ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ३०,७५०, म्हणजे महिन्याला १०,२५०. ईपीएसचं (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचं) पेन्शन ३,९००, वरच्या मजल्याचं भाडं ११,०००, सहा लाखांच्या एफडींचं सात टक्क्यांनी महिन्याला ३,५००. मिळून २८,६५०. खर्च ३२,०००. आजच दरमहा ३,३५० कमी पडतात आणि ते तुम्ही म्युच्युअल फंडातून काढता. फंडातले सात लाख तुमच्या पंचाहत्तरीनंतरच्या महागाईसाठी आहेत, त्यांना याहून जास्त हात लावू नका. बचत खात्यात ९०,०००.

सीनियर सिटिझन स्कीमचा विचार सोडूनच द्या. एका खात्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, खातं पूर्ण बंद करावं लागतं. तुमच्या खात्याला चौदा महिने झालेत. वर्षानंतर आणि दोन वर्षांच्या आत बंद केलं तर ठेवीच्या दीड टक्का कापतात, म्हणजे १५ लाखांवर २२,५०० गेले. दोन लाखांसाठी पंधरा लाखांची घडी कशाला मोडायची? (पुढे कधी काकूंच्या नावावर हे खातं काढाल तेव्हा एकच मोठं न काढता दोन-तीन लहान काढा. गरज पडली तर एकच मोडता येतं.)

सोन्यावरचं कर्ज तुम्हाला साडेनऊ टक्क्यांनी मिळतंय. दोन लाखांवर वर्षाला १९,००० व्याज, आणि तेवढ्याच पैशांवर एफडी देते १४,०००. पैसे घरात असताना महाग पैसे आणायचे, तेही ज्या घरात दरमहा आधीच तूट आहे तिथे, हे मला पटत नाही. मुद्दल कशातून फेडणार याचं उत्तर पत्रात नाही.

राहिली एफडी. सहा लाख ही तुमची अडीअडचणीची गंगाजळी आहे आणि मेडिक्लेम दोघांत मिळून फक्त पाच लाखांचा. म्हणून वर्षभराच्या खर्चाखाली, म्हणजे चार लाखांखाली ही रक्कम उतरू देऊ नका. ठेकेदाराचं मूळ कोटेशन घेतलं असतं तर बचत खात्यातले ६०,००० घालूनही एफडीत १,४०,०००च उरले असते, जेमतेम साडेचार महिन्यांचे, आणि महिन्याची तूट ३,३५० वरून सहा हजारांवर गेली असती. आपल्या बेतात बचत खात्यातून ६०,००० आणि एफडीतून १,४८,००० जातात. एफडीत साडेचार लाखांवर राहतात आणि तूट ४,२००च्या आसपास जाते. सोसेल. त्यातही वरच्या मजल्याचं भाडं दोन वर्षं वाढवलेलं नाही असं तुम्हीच लिहिता, ते पाचशे-हजारानं वाढवायची हीच वेळ आहे.

दिवाळीचं म्हणाल तर घाई केलीत की एफडी मुदतीआधी मोडावी लागेल, मजूर दुप्पट लावावे लागतील आणि ओल्या काळ्या मातीत कुदळ चालवावी लागेल. त्यापेक्षा दिवाळीआधी ओटा आणि चार वाफे एवढंच करा, बचत खात्यातल्या ६०,०००त. वाफे आधी करायला दुसरंही कारण आहे. पेव्हरसाठी निघणारी काळी माती शेणखत आणि थोडी वाळू मिसळून थेट त्यात भरता येईल, ट्रॉल्या तेवढ्या कमी. नातवंडांना मेथी-कोथिंबीर पेरायला वाफे असले की पेव्हर झालेत की नाहीत हे ती विचारणारही नाहीत.

नोव्हेंबरात तीन लाखांची एफडी पिकते. त्यातले ६८,००० काढा आणि पेव्हर नि दिव्यांचं काम फेब्रुवारीपर्यंत थंडीत करा. ८०,००० वेगळ्या एका वर्षाच्या एफडीत शेडसाठी ठेवा, बाकी पुन्हा गुंतवा. पेव्हरचं काम चुकलं तरी तेवढे ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येतात, म्हणून ते हातानं करायला उत्तम. उताराची चूक मात्र महागात पडते. पारदर्शक नळीत पाणी भरून घराच्या भिंतीवर आणि मागच्या कोपऱ्यात खुणा करा, आणि घरापासून दूर, दर दहा फुटाला सुमारे अडीच इंच उतार मिळतो का ते दोरी बांधून बघा. हे खोदायला सुरुवात करण्याआधीच करा. कोटा फर्शी आणि ब्लॉक कापताना पाणी मारत कापा आणि चांगला मास्क लावा. मंदसौरच्या स्लेट-पेन्सिल कामगारांची फुप्फुसं दगडाच्या धुळीनं कशी गेली ते आपल्या माळव्यात कुणाला सांगायला नको.

शेड पुढच्या ऑक्टोबरात करा. वेल्डिंग तुम्हाला येतं, सांगाडा जमिनीवर तुम्हीच तयार करा, नटबोल्टानं जोडता-सोडता येईल असा. पत्रे चढवायला मात्र दोन तरुण माणसं लावा, तुम्ही वर चढायचं नाही, हे मी अगदी आग्रहानं सांगते. एकदा पडलात तर हा दीड लाख दवाखान्यातच जाईल. शिवाय ती जागा एमओएसमध्ये, म्हणजे घराभोवती नियमानं मोकळी सोडायच्या जागेत येते. तिथे पक्कं छत टाकलं तर निगम ते बांधकाम धरू शकतो, म्हणून नकाशा घेऊन निगमच्या भवन अनुज्ञा शाखेत आधी विचारून घ्या.

यानं घराची किंमत वाढेल असं तुम्ही लिहिलंय. त्या भरवशावर खर्च करू नका. आपल्या भागात घेणारा प्लॉटचे पैसे देतो, पेव्हरचे नाही. तरी प्रत्येक मालाचं पक्कं बिल घ्या आणि घराच्या कागदांबरोबर ठेवा. पुढे घर विकलं तर कायमच्या सुधारणेचा खर्च भांडवली नफ्यातून वजा करता येतो. तुमच्या स्वतःच्या मेहनतीची किंमत त्यात धरता येत नाही, मजुरांना दिलेल्याची पावती मात्र करून ठेवा. बिलात सिमेंटवरचा जीएसटी १८ टक्केच लावलाय ना तेही बघा, सप्टेंबर २०२५ पासून तो २८ वरून खाली आलाय.

काम सुरू व्हायच्या आधी बँकेत जाऊन तुमची आणि काकूंची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू आहे का ते बघा. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण, सत्तर वर्षांपर्यंत. तुमच्याकडे येणाऱ्या मजुरांनाही विचारा, नसेल तर त्यांचे वीस-वीस रुपये तुम्हीच भरा.

शेडचे ८०,००० पुढच्या वर्षी खर्च करायचे की नाहीत, हे तेव्हाची एफडी, भाडं आणि तुमचा गुडघा बघून ठरवू. सप्टेंबरात मला हेच सगळे आकडे पुन्हा लिहून पाठवा.