नारळ, बांगडा आणि मास्तरांची गोळी

प्रश्न : माझे सासरे निवृत्त शिक्षक, वय 63. गेल्या महिन्यात रक्त तपासलं. एकूण कोलेस्टेरॉल 248, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) 166, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) 41, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) 205. डॉक्टरांनी स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, एक गोळी लिहून दिली आहे, पण ते घेत नाहीत. ‘एकदा धरली की जन्मभर सुटत नाही, मी नैसर्गिक उपायांनीच उतरवतो’ म्हणतात. तेव्हापासून घरात नुस्तं (मासळी) बंद, अंडी बंद, आणि मोबाइलवरचा कुठलासा व्हिडिओ बघून रोज सकाळी अनशापोटी मोठा चमचाभर घाण्याचं खोबरेल पितात. रात्री जेवणाआधी थोडी फेणी असते. त्यांच्या धाकट्या भावाला 52व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. स्वयंपाक मीच करते. नेमकं काय बदलू?
— एक सून, डिचोली

उत्तर : ताई, आधी ते खोबरेल बंद करा. उद्या सकाळपासूनच. घाण्याचं असो की दुकानातलं, एका मोठ्या चमच्यात साधारण 12 ग्रॅम संपृक्त चरबी असते. एलडीएल उतरवायचं असेल तर 2,000 कॅलरींच्या आहारात दिवसाकाठी 13 ग्रॅमच्या आसपास थांबावं लागतं. म्हणजे मास्तरांचा अख्ख्या दिवसाचा वाटा चहाच्याही आधी संपतो. खोबरेलानं एचडीएल थोडं वाढतं, तेवढंच धरून असे व्हिडिओ बनतात. एलडीएलही वाढतं, हे त्यात कुणी सांगत नाही.

नारळात कोलेस्टेरॉल मुळीच नसतं, हे मास्तर तुम्हाला ऐकवतील आणि ते खरंच आहे. पण रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, आपलं यकृतच ते तयार करतं. रक्तातलं एलडीएल उचलून घेण्याचं कामही यकृतच करतं. संपृक्त चरबी जास्त झाली की ही उचल मंदावते आणि एलडीएल रक्तात साचत राहतं.

आता तुमच्या कढईकडे येऊ. गोव्यातल्या घराला ‘नारळ सोडा’ असा सल्ला देणं मला पटत नाही. तो कुणी पाळत नाही आणि चार दिवसांत पथ्यच मोडतं. पण नारळ मोजा मात्र. ओल्या खोबऱ्याच्या 100 ग्रॅममध्ये जवळपास 30 ग्रॅम संपृक्त चरबी असते. दुपारच्या हुमणाला (माशांच्या आमटीला) अर्धी कवड, भाजीवर मूठभर चून (खवलेला नारळ), वर सोलकढीला नारळाचा रस, असा तिन्हीकडे नारळ असेल तर काय होतं ते बघा. माझं सांगणं एवढंच, की एका जेवणात नारळ एकाच पदार्थात घाला. हुमण असेल त्या दिवशी फुटी कढी करा. तीच सोलं (आमसुलं), तीच मिरची-कोथिंबीर, फक्त नारळाचा रस नाही. भाजीवर चून पेरायचंच असेल तर सगळ्यांना मिळून दोन चमचे पुरे, आणि ते कढईत न मिसळता वाढताना वरून घाला. थोडंसंच असलं तरी जिभेला लागतं.

नुस्त्याला मात्र तुम्ही उगाच हद्दपार केलंत. बांगडा आणि तारली ही आपल्या बाजारातली साधी मासळी, आणि मास्तरांसाठी हीच सगळ्यात चांगली. त्यातल्या ओमेगा-3 चरबीनं ट्रायग्लिसराइड्स उतरायला मदत होते. एलडीएल त्यानं उतरत नाही, ती अपेक्षा ठेवू नका. पण मटणाच्या जागी बांगडा आला की संपृक्त चरबी आपोआप घटते. आठवड्यातून दोन-तीनदा करा. आंबटतीक (आंबट-तिखट रस्सा) केलं तर नारळच लागत नाही. रेशादचा (लाल मिरचीचा आंबट) मसाला भरून तव्यावर दोन चमचे तेलात भाजा. रवा लावून तेलात बुडवून तळलेला बांगडा सणासुदीपुरता ठेवा. अंडंही पूर्ण तोडायला नको, आठवड्यातून तीन-चार चालतील.

खरी कमाई आहे ती विरघळणाऱ्या तंतूंमध्ये. हे तंतू आतड्यात पित्ताला धरून ठेवतात आणि मलावाटे बाहेर नेतात. मग नवं पित्त करायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढावं लागतं. आणि हे तंतू कुठल्या परदेशी डब्यात शोधायला नकोत. अळसांद्याचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोंडाक, मोड आलेल्या मुगाच्या गाठी, कुळीथ, भेंडी, पेरू या सगळ्यांत ते आहेत. सांतइस्तेवची ती लांब, सात शिरांची भेंडी बाजारात दिसली की सोडू नका. भेंडीचा जो बुळबुळीतपणा आपण ताक किंवा आमसूल घालून मारतो, तेच हे तंतू. मारा खुशाल, तंतू कुठे जात नाहीत. रोज एक वाटी कडधान्य मास्तरांच्या पोटात जायलाच हवं, मात्र त्यातलं नारळाचं वाटप निम्मं करून. सोबत इसबगोल दोन चमचे भरपूर पाण्यातून. थायरॉइडची वगैरे गोळी चालू असेल तर ती आणि इसबगोल यांत काही तासांचं अंतर ठेवा.

ट्रायग्लिसराइड्स 205 आहेत, त्याला फेणी, साखर आणि बेकरी जबाबदार असू शकतात. फेणी पुढच्या तपासणीपर्यंत पूर्ण बंद. ‘औषधापुरती’ हा शब्द या बाबतीत मी ऐकून घेत नाही. संध्याकाळच्या खारी-बटरऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा चणे द्या. पाव हवाच असेल तर पोदेराकडून (पाववाल्याकडून) कोंड्याची पोळी, म्हणजे कोंड्याचा पाव, घ्या. चालणं आठवड्याला 150 मिनिटं, दम थोडा लागेल पण बोलता येईल अशा गतीनं. पावसात बाहेर पडता येत नसेल तर गावातल्या देवळाचा मंडप आहेच.

आता गोळीबद्दल, आणि हे मास्तरांना वाचून दाखवा. मी आहाराचीच माणूस आहे, तरी सांगते. वर लिहिलेलं सगळं नेटानं केलं तर एलडीएल साधारण 10 ते 15 टक्के उतरतं. 166 चे 140-150 होतील. स्टॅटिननं 30 ते 50 टक्के उतरतं. सख्ख्या भावाला पंचावन्नच्या आत हार्ट अटॅक आलेला असताना हा फरक सोडून देण्यासारखा नाही. गोळीची सवय लागत नाही. चष्मा काढला की पुन्हा धूसर दिसतं, तसं गोळी थांबवली की यकृत आपल्या मूळ स्वभावावर येतं, इतकंच. आहार आणि गोळी एकत्र चालू दे. कदाचित कमी मात्रेत भागेल, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी. स्नायू दुखले तर परस्पर बंद न करता त्यांना सांगा. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. थायरॉइड मंद असेल तरी एलडीएल चढतं. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा, आणि आकडे मला जरूर कळवा. मला खरंच काळजी वाटते आहे.

प्रश्न : सुंगटांत (कोळंबीत) कोलेस्टेरॉल भरपूर असतं म्हणून आम्ही ती आणणंच सोडलं. बरोबर केलं का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : 100 ग्रॅम सुंगटांत 190 मिलीग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल असतं, पण संपृक्त चरबी जवळजवळ नाहीच. ताटातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा ही चरबीच रक्तातलं एलडीएल जास्त वाढवते. आठवड्यातून एकदा सुंगटां आणा, सुकं करा, चून बेतानं घाला. बंद करायचं असेल तर रविवारचा चोरीस-पाव (डुकराच्या मांसाचं सॉसेज आणि पाव) आणि बेकरीतले पॅटीस आधी बंद करा.