'जनुकीय फरक' की 'अभिव्यक्तीतला फरक'?

ठाण्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मुलांनी फलकावर 'पांढऱ्या चरबीच्या पूर्वज पेशींतील जनुकीय फरक' असं शीर्षक लिहिलंय, ते बरोबर आहे का?

फलकावरच्या या पेशी म्हणजे पुढे चरबी साठवणाऱ्या मेदपेशी होणाऱ्या पेशी. 'जनुकीय फरक' बदलायलाच हवं. ते वाचून कुणालाही वाटेल, की पोटाच्या कातडीखालच्या पेशींत एक जनुकं आणि आतड्यांजवळच्या पेशींत दुसरीच. प्रत्यक्षात एका माणसाच्या या सगळ्या पेशींत जनुकसंच तोच असतो. प्रथिनं घडवणारी सुमारे २०,००० जनुकं. त्यांतलं कुठलं कामाला लागलंय आणि त्याच्या आरएनए प्रती (प्रथिन घडवण्यासाठी जनुकावरून निघणाऱ्या नकला) किती निघताहेत, हे मात्र जागेनुसार बदलतं. त्याला 'जनुक-अभिव्यक्ती' म्हणतात. 'आविष्कार'ही मराठीत चाललं असतं, पण ठाण्यातल्या मुलांच्या कानावर हिंदी रोज पडते आणि हिंदीत त्याचा अर्थ 'शोध' होतो. म्हणून अभिव्यक्तीच बरी.

हा फरक वरवरचा नाही, हे मुलांना जरूर सांगा. गर्भात शरीराचा कुठला भाग कुठे घडणार, हे ठरवण्यात हॉक्स जनुकांचा वाटा असतो. त्यांची अभिव्यक्तीसुद्धा चरबीच्या जागेनुसार वेगळी आढळते. पेशी शरीराबाहेर काढून पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या तरी त्यांचं वेगळेपण बरंचसं टिकतं. म्हणजे ते केवळ आजूबाजूच्या रक्तामुळे किंवा संप्रेरकांमुळे आलेलं नाही. कातडीखालच्या पेशी जास्त जोमानं वाढतात आणि त्यांच्या मेदपेशीही अधिक सहज होतात. पोटातल्या पेशी त्यात मागे पडतात.

'पूर्वज' मला खटकतो तो वेगळ्या कारणानं. पूर्वज म्हणजे मागच्या पिढीतला, बहुधा हयात नसलेला. इथे तर तीच पेशी स्वतः चरबी साठवत मेदपेशी होते. हा टप्पा आहे, पिढी नव्हे. 'मेदपूर्व पेशी' म्हणा.

'पांढरी चरबी' तशीच ठेवा. साठवणारी पांढरी आणि जाळून ऊब देणारी तपकिरी, हा भेद साध्या शब्दांत जास्त लवकर कळतो.

आणखी एक शब्द सुचवतो. जठरापासून आतड्यांवर पडद्यासारख्या लोंबणाऱ्या चरबीच्या थराला आपल्याकडे 'वपा' हा जुना शब्द आहे. चरकसंहितेत मेदोवह स्रोतसांची, म्हणजे मेद वाहून नेणाऱ्या मार्गांची मुळं सांगताना वृक्कांबरोबर (मूत्रपिंडांबरोबर) वपावहनाचा उल्लेख येतो. मेदपूर्व पेशींच्या अभ्यासासाठी जिथून नमुने घेतले जातात, त्यांतली एक जागा नेमकी हीच. फलकावरच्या आकृतीत या थराला 'वपा' असंच नाव द्या.