सर वाजवतात, मी ऐकते

प्रश्न : माझं वय ४३. लहानपणी राहून गेलेली गिटार आता हातात घेतली आहे. दोन महिने झाले, आठवड्यातून एक तास एका सरांकडे एकटीच शिकायला जाते. सर फार सुंदर वाजवतात, पण निम्मा तास तेच वाजवतात आणि मी ऐकते. गेल्या गेल्या माझी गिटारही तेच सुरात लावून देतात. बोटांची टोकं अजून आग आग करतात. सी या कॉर्डवरून, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या जुळणीवरून, जीवर जाताना दर वेळी हात अडतो. एफ तर वाजतच नाही, नुसता ठक्‌ असा आवाज येतो. घरचे म्हणतात, व्हिडिओ बघून फुकट शिकता येतं, मग फी कशाला? शिकवणी सोडू का? की या वयात बोटं वळतच नाहीत?

उत्तर : वयाचं आधी उरकून टाकू. बोटं वळतात. माझ्याकडे नोकरीतून निवृत्त झाल्यावर आलेली माणसंही वाजवायला शिकली. मोठ्यांना जड जातं ते वेगळंच : स्वतःचं अडखळणारं वाजवणं त्यांच्याच कानांना सोसत नाही, म्हणून ती लवकर थांबतात. मुलं बिनदिक्कत बेसूर वाजवत सुटतात आणि पुढे जातात.

आता सी आणि जी. तुम्ही जी कोणत्या बोटांनी धरता ते पत्रात लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज आहे की जाड सहाव्या तारेवर तुमचं मधलं बोट जात असावं आणि पाचवीवर तर्जनी. बहुतेक तक्त्यांत तसंच दाखवतात. त्यात चूक काही नाही, पण सीवरून तिथे जाताना तिन्ही बोटं उचलून नव्याने मांडावी लागतात. त्याऐवजी अनामिका सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या दोन पट्ट्यांमधलं घर), मधलं बोट पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवून बघा. सीमध्ये अनामिका पाचव्या तारेवर आणि मधलं बोट चौथीवर असतंच. म्हणजे ही जोडी जशीच्या तशी एकेक तार वर, जाड तारांकडे सरकवायची, तर्जनी उचलायची आणि करंगळी टेकवायची. करंगळी आठवडाभर रुसेल, मग येईल.

हीच जोडी उलट, बारीक तारांकडे एकेक तार सरकवा. तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर सीमध्ये आहे तिथेच राहू द्या. मधलं बोट तिसरीवर, अनामिका चौथीवर. वरच्या दोन जाड तारा वाजवू नका. हा झाला एफ मेजर सेव्हन. पुष्कळ गाण्यांत पूर्ण एफच्या जागी तो बेमालूम चालून जातो, आणि सहाही तारांवर तर्जनी आडवी टाकायची कसरत काही महिने पुढे ढकलता येते. दोन महिन्यांच्या विद्यार्थ्याकडून अशा बार कॉर्डची अपेक्षा धरणं मला मुळातच पटत नाही.

व्हिडिओही हे सगळं सांगतो. पण तुमची तर्जनी कुठे अडकते, अंगठा दांड्याच्या मागे आहे की वर डोकावतोय, मनगट किती मोडलंय, हे त्याला दिसत नाही. खासगी शिकवणीची फी या नजरेची असते. सर निम्मा तास वाजवत असतील तर ती नजर तुम्हाला मिळत नाही. पुढच्या तासाला बसल्या बसल्या सरळ म्हणा, ‘सर, आज आधी मी वाजवते. सीवरून जीवर जाताना माझा डावा हात बघाल का?’ यात उद्धटपणा काही नाही. उलट बऱ्याच शिक्षकांना बरं वाटतं. समोरचा गप्प बसला की वादक असलेला माणूस वाजवूनच ती पोकळी भरतो. गिटारही स्वतः सुरात लावा, त्यांनी फक्त तपासावी. जाडीकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई. फोनवरचा ट्यूनर चालेल. नाहीतर घरी सहा दिवस उतरलेल्या तारांवर सराव होतो आणि कानाला तेच खरं वाटू लागतं.

बोटांचं मात्र मला थोडं खटकलं. रोज थोडं वाजवलं तर साधारण दोन ते चार आठवड्यांत टोकं घट्ट होतात. दोन महिन्यांनीही आग होत असेल तर एक तर तुम्ही सराव सुट्टीच्या दिवशी एकदम उरकता, किंवा गरजेपेक्षा जोर लावता, किंवा दोष गिटारचा आहे. जोर असा तपासा : फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या अलीकडे बोट नुसतं टेकवा, तार छेडत राहा आणि दाब हळूहळू वाढवा. ठक्‌ जाऊन सूर स्वच्छ आला की थांबा. तेवढाच जोर लागतो. मनगट किंवा अंगठ्याचं मूळ दुखत असेल तर ते सोसायचं नाही. वाजवणं थांबवून सरांना दाखवायचं.

गिटारची परीक्षा कॅपोने, म्हणजे दांड्यावर लावून तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याने होते. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा आणि एफचा तोच आकार एक फ्रेट पुढे धरा. एकदम हलकं वाटलं, तर दांड्याच्या टोकाच्या नटमधल्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीतल्या, खाचा उथळ राहिल्यात आणि तारा तिथे उंच आहेत. स्टीलच्या तारा असतील तर बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली किती फट आहे तेही पट्टीने मोजा. अडीच मिलिमीटरच्या आसपास ठीक, तीनच्या पुढे नवशिक्याचे हाल. हे काम दुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घ्या. घरी कानस घेऊन बसू नका, खाच जास्त खोल गेली की मोकळी तार खरखरते. जाड संच असेल तर तारा बदलताना पहिली तार ०.०१० इंचाची असलेला संच मागा.

सरांना तीन-चार तास द्या. तरीही तुम्ही श्रोत्याच राहिलात, तर दुसरे शिक्षक बघा. उत्तम वादक उत्तम शिक्षक असेलच असं नाही. आणि तेव्हा एका तासाऐवजी अर्ध्या तासाची शिकवणी विचारा, सुरुवातीला तेवढी पुरते. पहिल्या पाच-दहा मिनिटांत त्यांनी तुम्हाला वाजवायला सांगितलं नाही, तर आगाऊ फी भरू नका. जाताना गिटार मात्र स्वतःचीच न्या. त्यांच्या वाद्यावर वाजलेला एफ घरी तुमच्या गिटारवर वाजेलच असं नाही.