रात्री अकराची खा खा आणि दुपारचे चार

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वय २६, उंची १७० सेंटीमीटर, वजन ८८ किलो. हिंजवडीला नोकरी, वाकडला तिघांत मिळून फ्लॅट, मेसचा डबा. दिवसभर खाणं ‘एकदम कंट्रोलमध्ये’, आणि रात्री अकरा वाजले की सांगलीहून आईनं पाठवलेला चिवडा, भाकरवडी, लाडू, हाताला लागेल ते. मग स्वतःचीच लाज, मग ‘सोमवारपासून कडक डाएट’. शेवटी लिहिलंयस, ‘माझ्यात विलपॉवरच नाही.’ हे मला पटलेलं नाही. का, ते सांगते.

तू स्वतःच लिहिलेलं वेळापत्रक पुन्हा वाच. सकाळी फक्त काळी कॉफी. दीडला दोन पोळ्या आणि भाजी, भात बंद. मग रात्री साडेनऊपर्यंत दोन-तीन चहा. साडेनऊला ‘हलकं’ म्हणून सूप आणि काकडी. म्हणजे अकरा वाजेपर्यंत तू जवळजवळ उपाशीच असतोस. त्यात ऑफिसचा ताण, अंगात थकवा, घरात शांतता. त्या वेळी जी खा खा सुटते तिच्यात मन किती आणि पोट किती, हे तुला कळणार तरी कसं? ‘इमोशनल ईटिंग’ (भूक नसताना मनाच्या ओढीनं खाणं) हा शब्द वाचून तू सगळा दोष मनाच्या खात्यावर टाकलास. निम्मा तरी पोटाचा आहे.

१९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना स्वखुशीनं २४ आठवडे अर्धपोटी ठेवून पाहिलं होतं. आधी खाण्याची काहीही तक्रार नसलेली ही माणसं दिवसरात्र खाण्याचाच विचार करायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागली. पुन्हा पोटभर मिळायला लागल्यावर त्यांच्यातल्या काहींना पोट भरल्यावरही थांबता येईना. त्यांची विलपॉवर कमी नव्हती. आपल्याकडे हे प्रयोगाशिवायच ठाऊक होतं, ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणतात ते उगाच नाही.

तेव्हा रात्री अकराची ही लढाई दुपारी चारला लढायची. पहिले दोन आठवडे वजन कमी करणं हा विषय बाजूला ठेव. फक्त वेळेवर जेव.

सकाळी नऊच्या आत नाश्ता. पोहे किंवा उपमा चालेल, पण नुसता नको, सोबत दोन उकडलेली अंडी (त्यांतून साधारण १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात). अंडी नको त्या दिवशी वाटीभर मोड आलेली मटकी पोह्यांत घाल आणि वर ताक. दुपारी दोन पोळ्या, भाजी, वाटीभर घट्ट वरण, वाटीभर दही. मेसचं वरण पाण्यासारखं असतं, ते मला माहीत आहे. दही तुझं तू विकत आण. भात खावासा वाटला तर एक पोळी कमी कर. भात बंद करून काही साधत नाही, उलट रात्री तोच आठवतो.

आता चार ते पाच. इथं सगळ्यात जास्त लक्ष दे. साधारण ३० ग्रॅम फुटाणे, म्हणजे मोठी मूठ, आणि एक पेरू किंवा केळं. फुटाण्यांत १०० ते ११५ कॅलरी आणि सहाएक ग्रॅम प्रथिनं येतात. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये अर्ध्या किलोची बरणी ठेवून दे. चारला भूक नसते म्हणून बहुतेक जण हे टाळतात. भूक लागायच्या आधीच ते खायचं असतं. रात्री साडेआठ-नऊला नीट जेवण: पोळी-भाजी-आमटी, किंवा ७५ ग्रॅम पनीर घालून केलेली भाजी. तुझ्या वजनाला दिवसाला ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं पडली पाहिजेत. कॉफी-सूप-काकडीच्या वेळापत्रकात ती निम्मीही पडत नव्हती.

एवढ्यानं रात्रीचं खाणं पुष्कळ कमी होईल. बंद होणार नाही. जे उरेल ते मनाचं, आणि ते ओळखायला वही लागते.

छोटी वही घे, खिशात मावेल अशी. मोबाइल नको, मोबाइल हातात घेतला की तू नोंद सोडून रील बघत बसशील. चार रकाने आख: वेळ, काय आणि किती, भूक ० ते १० मध्ये किती, आणि त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात काय झालं. कॅलरी लिहायच्या नाहीत. एक नोंद साधारण अशी दिसेल: ‘मंगळवार, १०:५०. भाकरवडी ९. भूक २. मॅनेजरचा मेसेज: उद्या नऊला कॉल, रिपोर्ट घेऊन ये.’ आणि दुसरी अशी: ‘शुक्रवार, ११:२०. चिवडा, दोन वाट्या. भूक ७. रात्री जेवलोच नाही, ट्रॅफिक.’ दोन्ही वेळा तू खाल्लंस, पण दुसऱ्या नोंदीत मनाचा काही संबंध नाही. तिथं जेवण हवं होतं.

नोंद खाण्याच्या आधी करायची. इथंच सगळे चुकतात. खाऊन झाल्यावर लिहिलं की वहीची कबुलीजबाबाची वही होते आणि चौथ्या दिवशी ती कपाटात जाते. आधी लिहिताना दहा सेकंद हात थांबतो, तेवढं पुरतं. भुकेचा आकडा ठरवता येत नसेल तर स्वतःला विचार: आत्ता कुणी गार पोळी आणि मेथीची भाजी पुढे ठेवली तर खाशील? ‘हो’ असेल तर भूक खरी आहे, जेव. ‘नाही, भाकरवडीच हवी’ असेल तर वेगळं काहीतरी चाललंय.

ते वेगळं काय, हे दोन आठवड्यांच्या नोंदींवरून कळतं. सगळ्याला एकच उपाय नसतो. ‘खावंसं वाटलं की फिरायला जा’ हा सल्ला तू दहा ठिकाणी वाचला असशील. दमलेल्या माणसाला तो काय कामाचा? थकवा असेल तर गरम पाण्यानं आंघोळ आणि झोप. रोज एकला झोपून सातला उठतोस; झोप अपुरी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन हे संप्रेरक कमी होतं, ही शरीराची रचनाच आहे. उद्याच्या कामाचा धसका असेल तर उद्याची पहिली तीन कामं कागदावर लिही. एकटं वाटत असेल तर फोन. राग असेल तर मात्र जिने: चार मजले खाली-वर, दोनदा.

खाण्याची ऊर्मी लाटेसारखी येते. वाढते, माथ्यावर जाते आणि साधारण १५-२० मिनिटांत ओसरायला लागते. म्हणून ‘खाणार नाही’ असं ठरवू नकोस, ‘पंधरा मिनिटांनी ठरवीन’ असं ठरव.

आणि पंधरा मिनिटांनीही हवंच वाटलं तर खा, पण नीट खा. चिवडा पुडीतून नाही खायचा. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३० ग्रॅम मोजून बघ, छोटी वाटी भरते. पुडीला रबर लावून ती परत वर ठेव, मग वाटी घेऊन टेबलाशी बस. मोबाइल दुसऱ्या खोलीत. पहिल्या घासाला कढीपत्ता लागतो, खोबऱ्याचा काप लागतो, शेंगदाणा लागतो. पाचव्या-सहाव्या घासापर्यंत फक्त मीठ आणि कुरकुरीतपणा उरतो. स्क्रीनसमोर बकाणे भरताना हा बदल कधी जाणवतच नाही, आणि म्हणून हात थांबत नाही. शेव-फरसाणाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ५०० ते ५५० कॅलरी असतात, म्हणजे एका जेवणापेक्षा जास्तच. हे घाबरवायला सांगत नाही. वाटीचं कारण कळावं म्हणून सांगते.

एखाद्या रात्री सगळं कोसळेल आणि अख्खी पुडी संपेल. हे होणारच आहे, म्हणून दुसऱ्या दिवसाचं आत्ताच ठरवून ठेव: नाश्ता नऊच्या आत, नेहमीएवढाच. भरपाई म्हणून उपास नाही, तासभर जादा पळणं नाही. उपास केलास की रात्री अकराला पुन्हा तिथंच. सकाळी काट्यावर दीड किलो जास्त दिसेल, तोही चरबीचा नसतो. किलोभर चरबी वाढायला गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त जाव्या लागतात. ते मिठानं धरलेलं पाणी आणि पोटातलं अन्न असतं, दोन-तीन दिवसांत उतरतं.

आता सोबतीचं. तू लिहिलंस, ‘आईला सांगून ठेवलंय की मला खाऊ देऊ नको, आणि रूममेटला सांगितलंय की खाताना दिसलो तर ओरड.’ दोन्ही सांगणी आजच मागे घे. पहारेकरी नेमला की माणूस लपून खायला लागतो, आणि लपून खाताना घाई होते, घाईत जास्त जातं. सोबत मागायची तर नेमकी मागावी. रूममेटला सांग: ‘रात्री सव्वादहाला माझ्याबरोबर वीस मिनिटं सोसायटीत चक्कर मारशील का? खाण्याचा विषय काढायचा नाही.’ लांबच्या एका मित्राशी एक शब्द ठरवून ठेव. तू नुसतं ‘चहा?’ असं पाठवलंस की त्यानं फोन करायचा, कारण न विचारता. आईचं प्रेम डब्यातूनच येतं, ते अडवू नकोस. फक्त तिला म्हण, ‘किलोचा डबा नको, शंभर-शंभर ग्रॅमच्या पुड्या बांधून दे, महिनाभर पुरतात.’ यात तिला नकार ऐकल्यासारखं वाटत नाही. गणपतीत घरी गेलास तर उकडीचे मोदक जेवणाबरोबर दोन खा, तूप घालून. ‘डाएट चालू आहे’ असं जाहीर केलंस की आग्रह दुप्पट होतो, हे तुला ठाऊकच आहे.

रोज वजनाचे फोटो टाकायचे व्हॉट्सअॅप ग्रुप असतात, त्यांत शिरू नकोस. ज्याचं खाणं मनाशी जोडलेलं आहे त्याला एक वाईट आकडा संध्याकाळपर्यंत पुरतो.

तिसरी सोबत डॉक्टरांची. सुरुवातीलाच एकदा रक्तदाब, टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी) आणि बी१२ जीवनसत्त्व तपासून घे. चालू असलेली औषधं त्यांना दाखव, काहींनी भूक किंवा वजन वाढतं. तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३० च्या आसपास येतो. भारतीयांसाठी २५ पासूनच लठ्ठपणा धरतात आणि पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत असावी म्हणतात. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल विचारलंयस. ती तपासूनच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची, मित्राच्या ओळखीनं नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे वाच. दोनेक तासांच्या आत खूप मोठ्या प्रमाणात खाणं, ते थांबवता न येणं, आणि हे आठवड्यातून एकदा तरी असं तीन महिने चाललं असेल, तर तो बिंज ईटिंग डिसऑर्डर असू शकतो. तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत, मुख्यतः सीबीटी ही बोलण्याची उपचारपद्धत. अशा वेळी आधी ते सावरायचं, वजनाचं नंतर. खाल्लेलं उलटी करून काढणं किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणं सुरू झालं असेल तर एक दिवसही थांबू नकोस. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट निवडताना रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी आहे का ते बघ. रात्री मन फारच खचलं तर केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा आहे, नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

दोन आठवड्यांनी वजनाकडे वळू. तेव्हा चहातली साखर, मेसच्या भाजीवरचा तेलाचा तवंग (चमचाभर तेल म्हणजे ४५ कॅलरी) आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलेला भात, एवढ्यांतूनच दिवसाच्या ३००-४०० कॅलरी कमी होतात. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी. कंबर महिन्यातून एकदा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावून, श्वास सोडल्यावर. पहिलं लक्ष्य ८८ चे ८४. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरलं तर उत्तम, दोन ते चार महिने लागतील. एखादा आठवडा काटा हलणारच नाही, तेव्हा मागच्या सात दिवसांची वही वाच, काट्यावर पुन्हा चढू नकोस. चालणं रात्रीच्या चकरेपासून सुरू होतंय, ते हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांवर ने. भाकरवडी ‘जाळायला’ म्हणून कधी चालू नकोस.

पहिल्या चौदा दिवसांची वही घेऊन पुढच्या महिन्यात फोन कर. पानं डागाळलेली, अर्धवट, मधले दोन दिवस कोरे, कशीही असली तरी चालतील. कोऱ्या दिवसांबद्दलच मी आधी विचारेन. आणि आईला फोन करशील तेव्हा पुड्यांचं एकदम काढू नकोस, आधी लाडू कसे झाले होते ते सांग.

तुझी,
ताई